पारूच्या भिंतीवरचा नाळा

दसऱ्याआधीचा पाऊस मला नको असतो. जूनचा चालतो. आमच्या म्हैसुरात तो म्हणजे नुसती जिटीजिटी, दिवसभर पडतो आणि अंगण धड भिजत नाही. पण भाद्रपद सरत आला की दुपारपर्यंत डोकं तापतं, ऊन कललं की चामुंडीची टेकडी दिसेनाशी होते, आणि मग जे पाणी येतं ते विचारून येत नाही. यंदाही तसंच चाललंय. राजवाड्याकडे तोफांचा सराव सुरू झालाय. मिरवणुकीत हत्ती-घोडे बुजू नयेत म्हणून आधीपासून तोफा उडवतात. हत्तींना सवय होते. माझ्या घराला अजून झालेली नाही. धडाम झालं की कौलं दात वाजवतात आणि आतल्या खोलीत, पलंगाच्या उशाला, भिंतीतून माती सांडते. थोडीच. कुणी चिमटीतून रांगोळी सोडावी तशी.

लोक मोठ्या रस्त्यावर हत्ती बघायला जातात. मी मागच्या अंगणात जातो आणि मान वर करून कौलांच्या कडेला बघत उभा राहतो. शेजारचे विचारतात, “काय रावरे, विमान चाललंय काय?” मी म्हणतो, हो, विमानच.

छपराच्या कडेनं जस्ताच्या पत्र्याची पन्हळ आहे. ती मागच्या कोपऱ्यात येते आणि तिथं उभ्या नळात उतरते. पन्हळ नळाला मिळते त्या जागी पत्र्याचं तोंड आहे, नरसाळ्यासारखं. सगळ्या कौलांचं पाणी त्या एका तोंडाशी येऊन गर्दी करतं. तोंड धड असेल तर पाणी नळात पडतं, गटारात जातं, विषय संपला. तोंड फाटलं तर पाणी नळाच्या मागं शिरतं आणि भिंतीला चिकटून, आवाज न करता खाली येतं. भिंत मातीची आहे. बाहेरून चुना, आतून चुना, मधे माती. ती पाणी पिते, आणि किती प्याली ते सांगत नाही.

त्या भिंतीच्या आतल्या अंगाला माझ्या बायकोचा पलंग. पारू त्याच्यावरच गेली.

पन्हळ हा शब्दही तिचाच. ती निपाणीकडची, तिचं मराठी स्वच्छ. आमचं मराठी म्हणजे कुठल्याशा खापरपणजोबाबरोबर घोड्यावर बसून राजाच्या फौजेत आलेलं, आणि तेव्हापासून कानडीत भिजून फुगलेलं. मी चार बुकं शिकलो ती पण कानडी शाळेत. मराठी अक्षरं मला पारूनं शिकवली, लग्नानंतर, चुलीपुढं बसवून. आमच्या घरात पन्हळीला नाळा म्हणतात. एकाहून जास्त असले की नाळे. आणि कानडीत नाळे म्हणजे उद्या. आम्हाला कधी अडचण वाटली नाही. पोटात असल्यापासून कळतं कुठला नाळे कुठला.

पारूला कळलं नाही. नवी नवरी, कानडी शिकायची हौस. दूधवाली रोज दारात येऊन नाळे नाळे करायची, त्यामुळं तो शब्द तिला आधी पाठ झाला. एक दिवस माझी आई देवळाला निघताना आभाळ बघून म्हणाली, “पारू, नाळे साफ कर गं.” पारूनं मान हलवली, हात धुतले आणि ऐटीत बसून राहिली. संध्याकाळी पाऊस. पन्हळ करंजाच्या पानांनी तुंबलेली. पाणी पन्हळीवरून उलटं घरात, तांदळाचं पोतं भिजलं, मी लॉरी लावून आलो तर आई उंबऱ्यात उभी राहून ओरडतेय, “सांगून गेले होते ना, नाळे साफ कर म्हणून!”

“उद्या करणारच होते हो मी!” पारू रडत म्हणाली.

आई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला उमगलं आणि ती जी हसायला लागली ती हसत हसत पाण्यातच बसली. पारूनं मात्र त्या दिवशी नाळा हा शब्द टाकला. “तुमच्या त्या शब्दाला मी हात लावणार नाही,” म्हणाली, आणि तिनं जन्मभर पन्हळच म्हटलं. घरात एखादं काम राहिलं, की ते पन्हळीत गेलं म्हणायचं, ही रीत पडली. माझ्या सदऱ्याची बटणं कित्येक वर्षं पन्हळीत होती.

हे आठवलं की मी हसतो. हसून झालं की भिंतीकडं बघतो.

ज्या वर्षाचं मी सांगतोय, त्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून दाखवला. मला त्यात ढग दिसले. “आता घरी न्या, आवडतं ते खायला द्या,” म्हणाला. चेकनाक्यावर पोलिसानं लायसन ठेवून घ्यावं आणि वर हसून जा म्हणावं, तसं वाटलं मला.

आम्हाला एकच मुलगी, सुमन. शाळेत मास्तरीण. लग्न केलं नाही, म्हैसुरातच विजयनगर भागात स्वतःचं छोटं घर बांधलं. सिमेंटचा स्लॅब, सरळ छप्पर, पन्हळ नाही, कौल नाही. तिनं तिथं आईसाठी पलंग मांडून ठेवला होता, चादर पण नवी. हॉस्पिटलातून निघालो तर रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं? सुमन तोंड उघडायच्या आत पारू म्हणाली, “चामराजपुरम.” आमचं घर तिथं.

“आई, माझ्याकडं सगळी सोय आहे.”

“असू दे. मला माझ्या खोलीत न्या. मी तिथनंच जाणार. आणि जाईपर्यंत मला कुणी हलवायचं नाही.”

असं तिनं रिक्षावाल्यासमोर सांगितलं. तो बिचारा गिअर टाकायचा विसरला.

सुमनला जीभ माझी आणि डोकं आईचं. तिनं घरी येऊन आधी ती भिंत चाचपली. मग मला अंगणात बोलावलं. “अप्पा, आईचा हट्ट मी मोडत नाही. पण खोली कोरडी पाहिजे. तिच्या छातीत आधीच कफ आहे. या भिंतीला ओल आली त्या दिवशी मी तिला उचलून नेणार. तुम्ही दारात आडवे पडलात तर तुम्हाला ओलांडून नेणार.”

“येत नाही ओल,” मी म्हटलं.

“बघू,” ती म्हणाली. शाळेत पोरांना म्हणत असेल तसं.

पितृपक्ष लागला आणि पाऊस आला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर तळहाताएवढा डाग. पुढच्या पावसाला ताटाएवढा. मग तो लांब व्हायला लागला, पलंगाकडं. अंग चोरून झोपलेल्या जनावरासारखा दिसायचा, आणि दर सकाळी त्यानं थोडी कूस बदललेली असायची. भिंतीतून मुंग्या निघाल्या. तोंडात पांढरी अंडी धरून ओळीनं वर, तुळईकडं. घर सोडून जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, माझ्या लॉरीत सामान भरूनच ती जायची. मुंग्यांची घाई तसली वाटली मला.

मी काय केलं, दुकानाचं एक कॅलेंडर होतं, त्यावर देवीचं चित्र. ते आणून डागावर अडकवलं. सुमन आली, देवीला नमस्कार करून गेली. पारू पलंगावरून सगळं बघत होती. सुमन गेल्यावर म्हणाली, “देवीला सर्दी होईल हो.”

“तू गप पड.”

“पडलेच आहे की.”

दोन पावसांत देवी फुगली. कागद भिंतीपासून सुटून पोटाशी उचलला गेला. त्याच्यामागं काय चाललंय ते बघायचा मला धीर झाला नाही.

भुताखेताची भीती मला कधी वाटली नाही. घाटातून एकट्यानं लॉरी काढणाऱ्या माणसाला ती परवडत नाही. सुमन नुकती नोकरीला लागली होती तेव्हा आमच्या भागात एक बातमी उठली होती. कुणी बाई येते म्हणे, दार ठोठावते, घरातल्या माणसाच्या आवाजात हाक मारते. ओ दिली की संपलं. त्यावर उपाय म्हणून लोकांनी दारांवर लिहिलं, नाळे बा. म्हणजे उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते. आमची गल्लीच्या गल्ली खडूनं पांढरी झाली. पारूला कानडी लिहिता येत नव्हतं. तिनं मराठीत लिहिलं, मोठ्या अक्षरात, उद्या या.

मी म्हटलं, “अगं, भुताला मराठी कुठलं येतंय?”

“या गल्लीतलं आहे ना? मग घरी मराठीच बोलत असणार.”

“बरं. पण ‘या’ कशाला? ‘ये’ लिही की.”

“वयानं मोठी असली म्हणजे?”

त्या वर्षी आम्ही किती हसलो. आणि आजारपणातल्या या पितृपक्षात ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची, पाठीची माळ मोजता यावी इतकी वाळलेली, आणि मी दारात बसून बघायचो. मनात यायचं, दारावर काय वाटेल ते लिहा. हे जे येतंय ते दारातून येतच नाहीये.

झाळकाम करणारा आमचा माणूस म्हणजे बाशाभाई. मंडीत त्याचं खोपट होतं, बादल्या, कंदील, पन्हळी सगळं कथलानं जोडायचा. मी त्याच्याकडं रोज जायचो आणि आमचं बोलणं रोज सारखंच व्हायचं.

“बाशाभाई, नाळे गळतायत.”

“नाळे? नाळे बर्तीनि, रावरे.” म्हणजे उद्या येतो.

“अरे बाबा, नाळे नव्हे, आज! आज ये!”

“आज कसं येणार? आभाळ बघा. ओल्या पत्र्याला झाळ धरत नाही. उन्हात घातलेल्या पापडासारखा पत्रा पाहिजे. तुमचा नाळा कोरडा झाला की मी आलोच.”

नाळा कोरडा व्हायला पाऊस थांबायला पाहिजे. पाऊस काही बाशाभाईचं ऐकत नव्हता. मी आपलं लॉरीवाल्याचं डोकं चालवलं. जुनी ट्यूब कापली, तोंडाभोवती गुंडाळली, तारेनं आवळली, वरून गोणपाट आणि डांबर. एक पाऊस टिकलं. दुसऱ्या पावसात पाण्यानं तिथली वाट सोडली आणि दुसरीकडून काढली. पाण्याशी आपण भांडतो, ते आपल्याशी भांडत नाही. ते फक्त खाली जायला निघालेलं असतं. उतारावर ब्रेक न लागणाऱ्या लॉरीत मी एकदा बसलोय. तिथंपण असंच होतं, गाडीला माझा काही राग नव्हता.

एका दुपारी पारूचं अंग तापलं. औषधाच्या गुंगीत होती. सुमन शाळेतून थेट आली होती, उशाशी बसून पट्टी बदलत होती. बाहेर पाऊस धरलेला. पारूचे ओठ हलले. “नाळे,” ती म्हणाली. थोडं थांबून पुन्हा, “नाळे.”

सुमनचे डोळे भरले. “अप्पा, उद्या म्हणतेय आई. उद्याचं काहीतरी बोलतेय.”

“पन्हळ म्हणतेय ती. गळतंय ते तिला कळतंय.”

“आई पन्हळीला पन्हळच म्हणते. जन्मात कधी नाळे म्हणाली नाही. उद्या म्हणतेय. तिला वाटतंय उद्या बरं वाटेल.”

“तुला काय माहीत? डोक्यात घरचा शब्द राहतोच कुठंतरी.”

“तुम्हाला सगळीकडं ती पन्हळच दिसते, अप्पा!”

अर्धमेल्या बाईच्या अंगावरून आम्ही दोघं एका शब्दासाठी भांडत होतो, हळू आवाजात, दात खाऊन. शेवटी सुमन वाकली. “आई, कुठलं नाळे गं?”

पारूनं डोळे उघडले. आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “दोन्ही,” म्हणाली. “आता भांडू नका.”

सुमन हसली आणि तिच्या हाताला उशी लागली. उशीची कड ओली होती. तिनं हात नाकाशी नेला. मग उठून देवीचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. मागं भिंत उरलीच नव्हती म्हणा ना. चुना गळून पडलेला, आतली माती पोट सुटल्यासारखी पुढं आलेली, पलंगावर वाकून बघत असल्यासारखी.

तिनं कॅलेंडर गुंडाळलं, कोपऱ्यात ठेवलं. “सकाळी शाळेत रजा टाकते आणि गाडी घेऊन येते,” म्हणाली आणि छत्री उघडून गेली.

सकाळी ऊन पडलं. लख्ख. मी बाशाभाईच्या खोपटाशी गेलो तेव्हा तो शेगडीत कोळसे घालत होता. मी त्याची शेगडी उचलली आणि चालायला लागलो.

“रावरे! माझी शेगडी! अय्यो, हुच्चा झालात काय?”

वेडा झालो असेन. तो शिव्या देत मागं आला, पण हत्यारांची पिशवी घेऊन आला. रिक्षात शेगडी मांडीशी धरून बसलो, धोतराला भोक पडलं. आमच्या अंगणात येऊन त्यानं शिडी लावली, वर चढला, माझं डांबर खरवडलं आणि वरूनच बोलला, “इथं पत्रा कुठाय? हे नुसतं डांबर उभं आहे. कुणी केलं हे?”

“कर तू.”

“लॉरीवाल्याचं काम. मला वाटलंच.”

त्यानं नवा पत्रा कापून तोंड वळवलं. जुन्यापेक्षा लांब, नळाच्या आत वीतभर उतरेल असं, म्हणजे पाणी मागं वळायलाच नको. जुना पत्रा ब्रशनं घासून पांढरा केला. झाळायची इस्त्री शेगडीत लाल झाली. नवसागर लावला की पांढरा धूर उठायचा, खिडकीतून आत जायचा. आतून पारूचा आवाज आला, बऱ्याच दिवसांनी एवढा मोठा, “कल्हईवाला आलाय का? तो मोठा तांब्या द्या त्याला. कधीचा पन्हळीत पडलाय.”

“आई, तू बोलू नकोस,” सुमनचा आवाज. म्हणजे ती आली होती. फाटकाशी गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता.

तेवढ्यात ऊन गेलं. मी मागं बघितलं तर टेकडी नव्हती. त्या जागी काळं काहीतरी उभं होतं. राजवाड्याकडून तोफ वाजली, शिडी थरथरली, बाशाभाईनं देवाचं नाव घेतलं. सांध्यात कुठूनतरी एक थेंब झिरपत होता. कथील टेकवलं की चर्र करून उडायचं, धरायचं नाही. पुसला की पुन्हा थेंब. “कापड!” तो ओरडला. “कोरडं कापड! आणि वरून काहीतरी धरा, पहिला थेंब पडला की मी उतरणार!”

सुमन मागच्या दारात उभी होती. हातात आईची शाल, पिशवी, सगळं तयार. तिनं माझ्याकडं बघितलं, वर बघितलं, आभाळाकडं बघितलं. मग शाल माझ्या अंगावर फेकली, स्टूल ओढलं, साडी खोचून त्यावर चढली आणि बाशाभाईच्या हातांवर छत्री धरली. शाळेत जाणारी बाई, इस्त्रीची साडी, तोंडावर धूर. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला. “त्याला जायला सांगा,” ती म्हणाली. डोळे धुरानं मिटलेले होते.

मी शिडीवर बाशाभाईच्या मागं चढून शालीनं सांधा पुसला. बाशाभाईनं इस्त्री टेकवली. या वेळी कथील उडालं नाही. पातळ झालं, चमकलं आणि सांध्याच्या कडेनं गोल धावत गेलं. “बसला,” तो म्हणाला. त्याचा पाय जमिनीला लागला आणि पाऊस कोसळला. शेगडी फुस्सकन विझली.

आम्ही तिघं आत धावलो. खोलीत उभे राहून ऐकत राहिलो. कौलांवरून पाणी आलं, पन्हळीत भरलं, तोंडाशी येऊन गुरगुरलं आणि धाडकन नळात गेलं. सगळं. भिंतीमागं काही नाही. सुमननं भिंतीवर हात ठेवला. तिथंच ठेवला, काढला नाही. “वाळायला दिवस लागतील,” म्हणाली. पण न्यायचं नाव काढलं नाही.

पारू कान देऊन पडली होती. “थांबलं,” म्हणाली.

“काय थांबलं?”

“भिंतीआडून ठोकत होतं ना कुणीतरी. मला वाटलं तुम्हालाही ऐकू येतंय.”

नळामागचा थेंब होता तो, मी स्वतःला सांगितलं. बाशाभाईनं माझ्याकडं बघितलं आणि पिशवी उचलून भर पावसात निघून गेला. चहाला पण थांबला नाही.

दसरा झाला आणि दोन दिवसांनी ती गेली. दुपारी, आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर. कुणी हलवलं नाही. भिंत तोवर बरीच वाळली होती, बोट फिरवलं की भुकटी यायची.

मग भटजी आले. पंचांग उघडलं आणि त्यांचं तोंड उतरलं. पंचक लागलं होतं, म्हणजे एकामागून आणखी माणसं जाणार. पारूच्या माहेरी पंचकात माणूस गेलं तर पिठाच्या बाहुल्या करून बरोबर ठेवतात, भागलं. इथं तेवढ्यानं भागत नाही. बायका दारातच कुजबुजायला लागल्या, मने बिडबेकु, मने बिडबेकु. घर सोडायला पाहिजे. कुलूप लावून महिनेच्या महिने बंद ठेवायचं. आणि प्रेत दारातून न्यायचं नाही. जुने लोक भिंत फोडून नेत. भटजींनी खोलीत बघितलं आणि ती भिंत दाखवली. “ही तशीही गेलेलीच आहे.”

मी म्हटलं, “भटजी, या भिंतीला कुणी हात लावला तर पंचकातला दुसरा नंबर तुमचा.”

भटजी खाली बसले. पारू पुढच्या दारानं गेली, आली होती तशी.

शांती केली, बाहुल्या केल्या, सांगितलं ते सगळं केलं. घर सोडलं नाही. जाताना भटजी सुमनला बाजूला घेऊन म्हणाले, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, “ऐकत नसतील तर राहू दे. पण याच खोलीतनं आणखी एक जाईल.” मी मनात म्हटलं, घरात माझ्याशिवाय आहे कोण? चालेल. लवकर आलं तरी चालेल.

माझी वळकटी मी तिच्या पलंगावर टाकली. त्याला वर्षं झाली. सुमन विजयनगरला बोलवत राहिली, मी नाही म्हणत राहिलो. दर दसऱ्याआधी पाऊस यायचा, मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. बाशाभाईचा झाळ चांगला होता, पुष्कळ टिकला. मग बाशाभाई गेला, त्याच्यामागून केव्हातरी झाळही गेला. नळामागं पुन्हा ओली रेघ दिसली. मी कुणाला बोलावलं नाही. खोलीत डाग आला, तळहाताएवढा, ताटाएवढा. मी त्याच्याकडं बघून झोपायचो. ओळखीचा होता. इतकी वर्षं एकट्यानं जेवायचं, एकट्याचं ताट धुवायचं, रात्री कुणी ‘दिवा घालवा हो’ म्हणायला नाही. पाणी त्याच्या त्याच्या वाटेनं येत होतं, येऊ दिलं. यंदा मातीनं पुन्हा पोट काढलंय, उशाच्या बरोबर वर.

सुमन आता रिटायर झाली. गेल्या आठवड्यात एक ट्रंक आणि पुस्तकांची खोकी घेऊन रिक्षातून उतरली. “तुम्ही येत नाही ना, मग मीच आले. तिकडचं घर दिलं दुसऱ्यांना राहायला.”

“मला विचारलंस?”

“तुम्ही कुणाला विचारता? मी आईच्या खोलीत झोपणार. तुम्ही पुढच्या खोलीत जा, तिथं संडास जवळ आहे.”

“त्या खोलीत नको.”

“का?”

“डास आहेत.”

“मी काय डासांना नवी आहे?” तिनं माझी वळकटी उचलून बाहेर ठेवली, स्वतःची चादर घातली. चष्मा कोनाड्यात ठेवला. दुपारची वेळ, दमली होती, पडल्या पडल्या झोप लागली. भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. केस पांढरे झालेत तिचे. मागून बघितलं तर ओळखू येत नाही कोण झोपलंय.

तोफ वाजली. भिंतीतून माती सुटली आणि तिच्या केसांत पडली. तिनं झोपेतच हातानं झटकली, माशी हाकलावी तशी.

मी दारात उभा होतो. भटजी म्हणाले होते, आणखी एक. कुणाचं नाव घेतलं नव्हतं त्यांनी. एवढी वर्षं मी तो माझाच नंबर धरून बसलो होतो.

शिडी परसात होती. एक पायरी कुजलेली, ती सोडून चढलो. वर हात घातला तर तोंडात करंजाची पानं, चिखल, कुणा पाखराचं घरटं, सगळं गच्च. बोटांनी उपसून काढलं. खालचा सांधा उकललेला होता, दोन बोटं आरपार जात होती. मागं टेकडी होती की नाही ते मी बघितलं नाही. अंगावर पहिले थेंब पडले तेव्हा कळलंच.

“अप्पा!” खालून किंकाळी. “उतरा! वय काय तुमचं! उतरा आधी!”

“शिडी धर.”

“माणूस बोलावू आपण, मी फोन करते...”

“सुमन, शिडी धर. आणि पलंग भिंतीपासून ओढ. नाही, आधी शिडी धर.”

तिनं धरली. शिव्या देत धरली, माझीच जीभ. पाऊस आला. पन्हळीतून पाणी माझ्या हातावर येऊन आदळलं, गार, जोरात. उकललेल्या सांध्यावर मी तळवा दाबला. पाणी बाहीतून काखेत, काखेतून कमरेत उतरलं.

“नळातून जातंय का बघ!”

ती शिडी न सोडता वाकली, नळाला कान लावला. “जातंय!”

“आणि भिंतीवर?”

पावसात मला तिचं नुसतं डोकं दिसत होतं, भिंतीपाशी वाकलेलं.

“सुमन, भिंतीवर?”

“अजून नाही,” ती म्हणाली.

मी दुसरा हातही लावला.